वाटाण्याच्या आधी मेंढी

ग्रेगोर मेंडेल हे नाव शाळेत गेलेल्या बहुतेकांनी एकदा तरी पाठ केलेलं असतं. मठाच्या बागेत वाटाणे लावणारा धर्मगुरू, उंच आणि बुटकी रोपं, पिवळे आणि हिरवे दाणे, तीनास एक हे प्रमाण. पाठ्यपुस्तकात तो अचानक भेटतो, जणू एके दिवशी त्याला सहज वाटाण्यांचं कुतूहल वाटलं आणि त्यातून आनुवंशिकीचं शास्त्र जन्मलं. हे जिथे घडलं त्या ब्रनो शहराचा इतिहास पाहिला की गोष्ट बरीच मागे जाते. आई-बापांकडून संततीत काय उतरतं आणि कसं उतरतं, हा प्रश्न ब्रनोमध्ये मेंडेलने पहिला वाटाणा पेरण्याच्या चाळीसएक वर्षं आधीपासून चघळला जात होता. तो विचारणारे लोक जमीनदार, गिरणीवाले, व्यापारी आणि शेतीचे अध्यापक होते. त्यांना वाटाण्यांशी देणंघेणं नव्हतं. त्यांना बारीक लोकर हवी होती.

ब्रनो आज चेकियात आहे. तेव्हा ते हाब्सबुर्ग साम्राज्यातल्या मोराविया प्रांताचं मुख्य शहर होतं. १७६०च्या दशकापासून तिथे लोकरीचं कापड विणणारे कारखाने उभे राहू लागले आणि पुढे शहराला ‘मोरावियाचं मँचेस्टर’ म्हणू लागले. ह्यूगो फ्रांत्स साल्म नावाच्या सरदाराने तर १८०१च्या सुमारास इंग्लंडमधून सूतकताईच्या यंत्रांची माहिती गुपचूप आणली. यंत्रं आली, पण यंत्रांना लागणारी मऊ, एकसारखी लोकर गावच्या मेंढ्यांच्या अंगावर नव्हती. ती होती मेरिनोच्या अंगावर, आणि मेरिनो होती स्पेनची.

मेरिनोची लोकर इतकी वेगळी का, हे समजायला मेंढीच्या कातडीत डोकवावं लागतं. रानटी मेंढीला वरून राठ केस असतात आणि त्याखाली हिवाळ्यापुरती मऊ लव असते. वसंतात ती आपोआप झडते. माणसाने हजारो वर्षं मेंढे निवडून राठ केस कमी केले, झडणं थांबवलं आणि रंगही घालवला, कारण पांढऱ्या लोकरीवर हवा तो रंग चढवता येतो. कातडीत लोकरीची मुळं दोन प्रकारची असतात. पहिली आधी येतात, त्यांच्यासोबत घामाची ग्रंथी असते आणि त्यांतून जाडसर तंतू निघतो. दुसरी मागाहून पहिल्यांच्या भोवती गर्दी करतात आणि त्यांचे तंतू बारीक असतात. जाड्याभरड्या लोकरीच्या मेंढीत एका मूळ केसामागे अशी तीन-पाच दुय्यम मुळं असतात, मेरिनोत वीस किंवा त्याहून अधिक. ही मुळं कोकरू आईच्या पोटात असतानाच बसतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर मेरिनोचा तंतू २०च्या आसपास, आणि उत्तम कळपात १७-१८पर्यंत उतरतो. तो कातडीला टोचत नाही, पिंजला की लांब आणि बारीक सूत देतो.

स्पेनने हे धन शतकानुशतकं जपलं. दहाव्या आल्फोन्सो राजाने १२७३मध्ये मेंढपाळांच्या मेस्ता या संघटनेला मान्यता दिली. एक्स्ट्रेमादुराच्या हिवाळी कुरणांतून उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांकडे जाणाऱ्या कळपांसाठी राजमार्ग राखले गेले. त्यांची रुंदी कायद्याने ९० वारा, म्हणजे जवळपास ७५ मीटर. दिवाळीनंतर माणदेशातून कोकणाकडे मेंढरं हाकणाऱ्या धनगराला रस्त्याच्या कडेने, ट्रकच्या भोंग्यांतून वाट काढावी लागते. स्पेनच्या मेंढपाळाच्या वाटेवर नांगर घालणं गुन्हा होता. लोकर निर्यात होई, त्यावर राज्याला कर मिळे, आणि जिवंत मेंढी देशाबाहेर नेण्यावर बंदी असे.

बंदी असली तरी युरोपातल्या बहुतेकांची समजूत होती की मेंढी बाहेर नेऊन उपयोगही नाही. लोकरीचा बारीकपणा स्पेनच्या हवेत, गवतात आणि त्या लांबच्या चालीत आहे, परक्या मातीत दोन-तीन पिढ्यांत ती पुन्हा राठ होईल, असं विद्वानही मानत. या समजुतीला पहिला धक्का अगदी अनपेक्षित ठिकाणाहून बसला. योनास आल्स्ट्रोमर या उद्योजकाने १७२३मध्ये मेरिनो स्वीडनला नेल्या. तिथल्या थंडीत, गोठ्यात बांधून, वाळलेल्या चाऱ्यावर त्या तगल्या आणि त्यांच्या कोकरांची लोकर बारीकच राहिली. मग १७६५मध्ये स्पेनच्या तिसऱ्या कार्लोसने सॅक्सनीच्या राजघराण्याला सुमारे २२० निवडक मेरिनो भेट दिल्या. दोन्ही घराण्यांत सोयरीक होती. सात वर्षांच्या युद्धात सॅक्सनी पार धुऊन निघाली होती, त्यामुळे ही भेट नुसत्या शिष्टाचाराची नव्हती. सोळाव्या लुईने १७८६मध्ये पॅरिसजवळच्या रांबुइये इथल्या शाही शेतावर साडेतीनशेच्या वर मेरिनो आणवल्या. त्या कळपात तेव्हापासून बाहेरचं रक्त मिसळलेलं नाही आणि तो कळप आजही तिथेच आहे.

फ्रान्समध्ये एका माणसाने मात्र राजाच्या कळपाची वाट पाहिली नाही. लुई-जाँ-मारी दोबाँतों हा शरीरशास्त्रज्ञ, बुफाँच्या प्रचंड निसर्गग्रंथातला त्याचा सहकारी. १७६६च्या सुमारास त्याने बर्गंडीतल्या मोंबारला गावठी, राठ लोकरीच्या मेंढ्यांवर दक्षिणेकडचे बारीक लोकरीचे मेंढे सोडायला सुरुवात केली आणि पुढच्या पिढ्यांतही दर वेळी बारीक लोकरीचाच मेंढा लावत गेला. लोकर हातात घेऊन चोळून ‘बारीक’ म्हणण्याऐवजी तो तंतू सूक्ष्मदर्शकाखाली मोजपट्टीवर ठेवून त्याची जाडी मोजू लागला. काही पिढ्यांत गावठी मेंढीची संतती स्पॅनिश लोकरीच्या जवळ आली. माती तीच, गवत तेच, बदलला होता फक्त बाप. हा प्रयोग फार साधा आहे आणि त्याचं महत्त्व आजही पुरेसं सांगितलं जात नाही. हवा-पाण्याला दिलेलं श्रेय त्याने मोजमापाच्या जोरावर मेंढ्याच्या रक्ताकडे वळवलं.

मोरावियात या कामाला धार आली. होश्टित्स इथला जमीनदार फर्डिनांड गाइसलर्न याला समकालीन ‘मोरावियाचा बेकवेल’ म्हणत. इंग्लंडच्या लेस्टरशायरमधल्या रॉबर्ट बेकवेलने मांसासाठी मेंढ्यांची जी पैदास केली, तिचं सूत्र साधं आणि धीट होतं. हवे ते गुण असलेले नर-मादी निवडायचे, आणि ते एकमेकांचे जवळचे नातलग असले तरी एकत्र आणायचे. बाप आणि लेक, भाऊ आणि बहीण. माणसांत जे निषिद्ध, ते कळपात मुद्दाम करणं पुष्कळांना निसर्गाविरुद्ध वाटे. नातलगांच्या संकराने खुरटी, दुबळी संतती होते असा मेंढपाळांचा अनुभवही होता. गाइसलर्नने बेकवेलची ही पद्धत लोकरीसाठी वापरली. मेंढ्यांना क्रमांक दिले, वंशावळी ठेवल्या, लोकरीचे नमुने जपले. त्याच्या मेंढ्यांना दूरदूरहून गिऱ्हाईक येऊ लागलं.

या सगळ्या अनुभवांना एका टेबलाभोवती आणणारा माणूस म्हणजे क्रिस्टियान कार्ल आंद्रे. तो १७९८मध्ये जर्मनीतून ब्रनोला आला. मूळचा शिक्षक, पुढे संपादक आणि संघटक. १८११पासून त्याने शेतीविषयी ‘ओकोनोमिशे नोइइग्काइटेन’ हे नियतकालिक चालवलं. १८१४मध्ये त्याने मेंढीपालनाचे चाहते, जाणकार आणि पुरस्कर्ते यांची संस्था ब्रनोत स्थापन केली. मेंढीच्या पैदाशीचा वैज्ञानिक अंगाने विचार करणारी अशी संस्था त्या काळी दुर्मीळ होती. बैठकांना सरदार येत, कारभारी येत, लोकरीचे दलाल येत. लोकरीचे नमुने मांडले जात, मेंढे तपासले जात. आंद्रेचा मुलगा रुडोल्फ याने लोकरीची जाडी मोजण्याचं साधन तयार केलं आणि १८१६मध्ये मेंढीपैदाशीवर पुस्तिका लिहिली. गिरणीवाला काय भावाने घेईल, हे आता बोटांच्या अंदाजापेक्षा भिंगाखालच्या आकड्यावर ठरू शकत होतं.

आणि मग वाद पेटला. नातलगांत संकर करावा की करू नये? बॅरन एरेनफेल्स हा अनुभवी पैदासकार एका बाजूला, इतर अनेक दुसऱ्या बाजूला. आंद्रेने १८१७ ते १८१९ या काळात हा वाद आपल्या नियतकालिकात मुद्दाम चालू ठेवला, दोन्ही पक्षांना लिहायला लावलं. एका संपादकाने केलेलं हे काम विज्ञानाच्या इतिहासात फार मोठं आहे, कारण त्यातूनच इम्रे फेस्टेटिक्सचा लेख आला. फेस्टेटिक्स हा हंगेरीतला काउंट, तरुणपणी घोडदळात अधिकारी होता. लष्कर सोडल्यावर ऑस्ट्रियाच्या सीमेजवळच्या कोसेग इथे त्याने मेरिनोचा कळप वाढवला आणि वर्षानुवर्षं जवळच्या नात्यात संकर करून पाहिला. १८१९मध्ये त्याने आपले निष्कर्ष ‘निसर्गाचे आनुवंशिक नियम’ या मथळ्याखाली चार कलमांत मांडले.

त्यातलं पहिलं कलम सांगतं की निरोगी, धडधाकट जनावरं आपले गुण पुढे पोचवतात. दुसऱ्यात तो म्हणतो की आजा-पणजाचे जे गुण मुलांत दिसत नाहीत ते नंतरच्या पिढीत पुन्हा वर येतात. तिसरं असं की अनेक पिढ्या हवा तोच गुण दाखवलेल्या कुळातही एखादं वेगळंच पिल्लू निघू शकतं आणि असं पिल्लू पैदाशीला वापरू नये. शेवटचं कलम सगळ्या वादाचं उत्तर आहे. नात्यात संकर करायचाच, तर जनावरांची निवड अतिशय काटेकोर हवी. दुसऱ्या कलमापाशी आजचा वाचक थांबतोच. एका पिढीत लपून दुसऱ्या पिढीत उगवणारा गुण मेंडेलने वाटाण्यांत मोजला, तो इथे एका मेंढीवाल्या सरदाराने मेंढवाड्यात टिपून ठेवला होता. फेस्टेटिक्सने आकडे मांडले नाहीत, प्रमाण काढलं नाही. पण निसर्गात वारशाचे नियम असतात आणि ते शोधता येतात, हे त्याने ठामपणे लिहिलं.

नात्यात संकर करण्याचा दुसरा चेहरा तोवर सॅक्सनीत दिसू लागला होता. तिथल्या पैदासकारांनी एकाच गुणामागे, बारीकपणामागे धाव घेतली. लोकर जगात सर्वांत तलम झाली, पण मेंढ्या लहान, नाजूक, पोटाखाली उघड्या आणि अंगावर लोकर कमी असलेल्या निघू लागल्या. कळपांत ‘ट्राबर’ नावाचा आजार पसरला. मेंढी चालताना डळमळे, अंग घासत राही आणि शेवटी मरे. तो आजार ठरावीक कुळांत जास्त दिसतो, हे पैदासकारांच्या ध्यानात आलं होतं. तो रोग म्हणजे आजचा स्क्रेपी. तो संसर्गाने पसरतो, पण कोणती मेंढी त्याला बळी पडेल हे तिच्या प्रायॉन प्रथिनाच्या जनुकावर बरंच अवलंबून असतं. तलम तंतूकडे नजर लावून बसलेल्यांना मेंढीच्या मज्जासंस्थेत काय चाललंय ते दिसणं शक्यच नव्हतं.

ब्रनोच्या बैठकांत १८२०-३०च्या दशकांत नवे चेहरे आले. आंद्रे १८२१मध्ये स्टुटगार्टला गेला. ओलोमौत्सच्या विद्यापीठात शेती शिकवणारा योहान कार्ल नेस्टलर १८२९पासून मेंढ्यांतल्या वारशावर सविस्तर लिहू लागला. आणि १८२४मध्ये ब्रनोच्या ऑगस्टिनियन मठाचा मठाधिपती झालेला सिरिल फ्रांत्स नाप या चर्चांत बसू लागला. मठाकडे शेतजमिनी होत्या, त्यामुळे मेंढ्या, फळबागा आणि द्राक्षमळे हे मठाधिपतीच्या रोजच्या कामाचे विषय होते. १८३७च्या बैठकीत नेस्टलरच्या मांडणीवर पुन्हा पैदाशीच्या पद्धतींचा काथ्याकूट सुरू झाला, तेव्हा नापने चर्चेचा रोख बदलला. पैदास कशी करावी हा मुद्दा बाजूला ठेवा, आधी उतरतं काय आणि ते कसं उतरतं हे सांगा, असा त्याचा आग्रह होता. हा प्रश्न प्रयोगानेच सुटेल, हेही त्याने ओळखलं होतं.

नेस्टलर १८४१मध्ये वारला तेव्हा त्याच ओलोमौत्समध्ये एक गरीब शेतकऱ्याचा मुलगा शिकत होता. दोन वर्षांनी, १८४३च्या ऑक्टोबरमध्ये, नापने त्याला ब्रनोच्या मठात घेतलं. नंतर नापने त्याला व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकायला पाठवलं. मेंडेलने १८५६ ते १८६३ या काळात जवळपास २८ हजार रोपं तपासली आणि १८६५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रनोतच आपले निष्कर्ष वाचून दाखवले. मेंडेल एकटा नव्हता. त्याच्या पाठीशी असलेल्या मठाधिपतीने हाच प्रश्न अठ्ठावीस वर्षं आधी मेंढीवाल्यांपुढे ठेवला होता.

मग मेंढीवाल्यांना उत्तर का सापडलं नाही? ते कमी हुशार होते म्हणून नाही. मेंढी वर्षाला बहुधा एकच कोकरू देते, आणि त्याची लोकर पारखायला आणखी वर्ष जातं. एका पैदासकाराच्या आयुष्यात दहा-बारा पिढ्या झाल्या तर पुष्कळ. त्याहून मोठी अडचण लोकरीच्या स्वभावात होती. तंतूची जाडी कुठल्या एका जनुकाने ठरत नाही. शेकडो जनुकांचा थोडा-थोडा हात त्यात असतो, शिवाय चारा, पाऊस, आजारपण यांचाही. जाड आणि बारीक यांच्या संकरातून मधली लोकर निघते, पुढच्या पिढीत सगळ्या छटा दिसतात, स्पष्ट प्रमाण दिसत नाही. मेंडेलने वाटाण्याचे सात असे गुण निवडले जे एकतर असत, नाहीतर नसत. लोकरीत तीनास एक शोधणाऱ्याला आयुष्यभर काही मिळालं नसतं. मेंढीवाल्यांनी प्रश्न तयार केला आणि त्याचं उत्तर दुसऱ्या जिवात मिळालं.

तोपर्यंत मोरावियाची मेंढी मागे पडू लागली होती. ब्रनोची मेंढीपालकांची संस्था १८४०च्या दशकात थंडावली. स्वस्त लोकर समुद्रापलीकडून येत होती.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट १७९७पासून सुरू होते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपहून काही मेरिनो सिडनीला आल्या आणि त्यांतल्या काही जॉन मॅकार्थरने घेतल्या. त्याने १८०४मध्ये इंग्लंडच्या राजाच्या कळपातल्या मेरिनोही लिलावात विकत घेतल्या. पण सॅक्सनीचं तलम रक्त ऑस्ट्रेलियात नेण्यात एका बाईचा मोठा वाटा आहे आणि तिचं नाव मेंढीच्या इतिहासात ठळक हवं. ग्लासगोच्या एलायझा फोर्लाँग हिची काही मुलं क्षयाने गेली होती. उरलेल्या दोन मुलांना उबदार हवेच्या देशात न्यायचं आणि तिथे मेंढ्यांवर जगायचं, असं तिने ठरवलं. मुलांना लोकरीचा धंदा शिकवायला ती लाइपझिगला राहिली. १८२०च्या दशकाच्या अखेरीला त्यांच्यासोबत सॅक्सनीत गावोगाव पायी फिरून एकेक मेंढी स्वतः पारखून घेतली. कळप हाकत हॅम्बुर्गला, तिथून जहाजाने इंग्लंडला आणि पुढे टास्मानियाला नेला. त्या रक्ताच्या मेंढ्या टास्मानियात अजून आहेत.

नव्या खंडातही चुकीच्या मापाने निवड केल्याची शिक्षा झाली. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या पैदासकारांनी मेरिनोच्या कातडीला सुरकुत्या पाडायची निवड पिढ्यानपिढ्या केली होती. कातडी जास्त, तर लोकर जास्त, हा हिशेब. १८८०च्या दशकात असे मेंढे ऑस्ट्रेलियात अफाट किमतीला आले. काट्यावर कातरलेल्या लोकरीचं वजन खरोखर वाढलं, पण त्यात मेणचट चिकटा फार होता. धुतल्यावर हातात राहणारी लोकर तितकी नव्हती. सुरकुत्यांतून कातरी चालवताना मेंढी जखमी होई. शेपटीखालच्या घड्यांत ओल साचे, माश्या अंडी घालत आणि अळ्या जिवंत मेंढीचं मांस खात. १९३०च्या सुमारास त्या भागाची कातडी कापून काढायची शस्त्रक्रिया निघाली. तिला तिच्या जनकाच्या नावावरून म्यूलसिंग म्हणतात. या कापाकापीवर आज जगभर टीका होते. न्यूझीलंडने २०१८मध्ये ती बंद केली, आणि ऑस्ट्रेलियातले अनेक पैदासकार आता शेपटीखाली गुळगुळीत, उघडी कातडी असलेल्या मेंढ्याच निवडतात. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मुद्दाम आणलेला गुण आता तितक्याच मेहनतीने घालवला जात आहे.

निवडीचं हे अंधारातलं काम उजेडात आणायला मदत केली ती हेलन न्यूटन टर्नर यांनी. १९३०च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत त्या लेखनिक म्हणून लागल्या, संख्याशास्त्र शिकल्या आणि पुढे मेंढ्यांच्या आनुवंशिकी विभागाच्या प्रमुख झाल्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजारो मेंढ्यांच्या नोंदींतून कोणता गुण किती उतरतो हे काढलं. तंतूच्या जाडीतला फरक निम्मा किंवा त्याहून थोडा अधिक वारशाचा असतो. धुतलेल्या लोकरीच्या वजनात तो तिसऱ्या हिश्शापासून चाळीस टक्क्यांपर्यंत असतो. एका वेताला किती कोकरं होतात, यात मात्र जेमतेम दहा टक्के. नापच्या प्रश्नाला लोकरीपुरतं दिलेलं हे आकड्यांतलं उत्तर होतं. पैदासकाराला आता कळत होतं की लोकर बारीक करणं सोपं आहे आणि जुळी वाढवणं कठीण.

या शेवटच्या नियमाला एक अपवाद सापडला आणि तिथे ही गोष्ट भारताकडे वळते. न्यू साउथ वेल्समधल्या बूरूला नावाच्या शेतावरच्या सीअर्स बंधूंनी जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो निवडून ठेवल्या होत्या. १९५८मध्ये त्यांतल्या काही संशोधन संस्थेकडे आल्या. टर्नर यांनी त्या जपल्या. १९८०च्या दशकात लक्षात आलं की या कळपाची बहुप्रसवता एकाच जनुकामुळे आहे, आणि २००१मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला. मग प्रश्न आला की मेरिनोत तो आला कुठून. १७९२-९३मध्ये कोलकात्याहून बंगाली मेंढ्या जहाजाने सिडनीला नेल्या होत्या. सुंदरबनच्या दलदलीत राहणाऱ्या, अंगाने चिमुकल्या गारोल मेंढीत तोच बदल आढळला. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या लोकरीच्या कळपात बंगालच्या राठ केसांच्या मेंढीचा एक धागा दोनशे वर्षं कुणाच्या नजरेत न येता चालत आला होता.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९०च्या दशकात गारोल मेंढ्या सातारा जिल्ह्यात आणल्या आणि तो जनुक संकराने दख्खनी मेंढीत आणला. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. कोकरू पोटातच असताना त्यात तो जनुक आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि नराच्या अंगावर तर तो कधीच दिसत नाही. रक्ताच्या नमुन्यावरून तो ओळखण्याचं काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या मदतीने झालं. ‘नारी सुवर्णा’ नावाच्या या मेंढीत जनुकाची एक प्रत असली की दर वेताला सरासरी अर्ध्याच्या आसपास कोकरू जास्त मिळतं. बूरूला मेरिनोपेक्षा ही वाढ कमी आहे, आणि ते बरंच आहे. दख्खनी मेंढीला जुळ्यांपुरतं दूध असतं, चौघांपुरतं नाही.

लोकरीसाठी दख्खनी मेंढीवर झालेले प्रयोग इतके फळले नाहीत. स्वातंत्र्यानंतर सरकारी पैदास केंद्रांवर मेरिनो आणि रांबुइये मेंढे आणून दख्खनी मेंढीची लोकर बारीक करण्याचे कार्यक्रम झाले. कागदावर त्यात चूक नव्हती. पण दख्खनी लोकरीचं गिऱ्हाईक गिरणी नव्हती, घोंगडी होती. घोंगडीला जाड, टिकाऊ आणि काळी लोकर लागते. काळ्या लोकरीला रंगाचा खर्च नाही. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या ताण्यावर सणगर आणि खुटेकर धनगर ती विणत, आणि पावसात ती पाणी झेलते. धनगरांनी पिढ्यानपिढ्या काळे मेंढे राखले ते याच कारणाने. संकरित मेंढीची मऊ पांढरी-करडी लोकर ना घोंगडीच्या कामाची, ना पुरेशा प्रमाणात गिरणीच्या. दोबाँतोंने मोंबारला जे साधलं ते इथे साधलं नाही, कारण लोकर कुणाला आणि कशासाठी हवी हे मेंढी निवडण्याआधी विचारलं गेलं नव्हतं.

आता महाराष्ट्रातला मेंढपाळ स्वतःच लोकरीविरुद्ध निवड करतो आहे. कातरायला येणारी मजुरी लोकरीच्या भावातून निघत नाही आणि पैसा मटणात आहे. सांगलीच्या जत तालुक्यातली मडग्याळ मेंढी उंच, बाकदार नाकाची, झपाट्याने वाढणारी आणि अंगावर लोकर जवळपास नसलेली आहे. तिच्या नामी मेंढ्याला लाखांत किंमत येते. असा मेंढा दख्खनी कळपात सोडला की दोन-तीन पिढ्यांत कोकरं मोठी होतात आणि काळी लोकर उतरत जाते. मेंढपाळाचा हिशेब त्याच्या पोटाचा आहे आणि तो चूक नाही. मात्र काळ्या दख्खनीचे शुद्ध कळप कुठेतरी राखून ठेवण्याचं काम एकट्या मेंढपाळावर टाकता येणार नाही. रांबुइयेचा कळप सव्वादोनशेहून अधिक वर्षं राखला गेला तो सरकारी पैशाने, कारण फ्रान्सच्या राज्यकर्त्यांना त्याची किंमत ठाऊक होती. लोणंद, संगमनेर, सोलापूर आणि कोल्हापूर या चारही भागांतल्या दख्खनी मेंढ्यांचे थोडे-थोडे कळप तसेच राखायचे असतील तर ते आत्ता राखावे लागतील. आज कळपात काळे मेंढे आहेत.